जन्म ऑक्सफर्डचा, कॉलेज केंब्रिजचं

'हाऊस' मालिकेतला काठी टेकत चालणारा, पेशंटवर खेकसणारा डॉक्टर ज्याने उभा केला तो ह्यू लॉरी ११ जून १९५९ रोजी ऑक्सफर्डला जन्मला. हॅरी पॉटरच्या सिनेमांत मुलांना झाडपाल्याची विद्या शिकवणाऱ्या प्रोफेसर स्प्राउट, म्हणजे मिरियम मार्गोलिस, यांचा जन्मही ऑक्सफर्डचाच, १९४१ चा. 'लिटल विमेन'मधल्या एमीसाठी ऑस्करचं नामांकन मिळवणारी फ्लॉरेन्स प्यू: ऑक्सफर्ड, १९९६. रेडिओहेड बँडचा गिटारवादक आणि 'फँटम थ्रेड'चा संगीतकार जॉनी ग्रीनवुड: ऑक्सफर्ड, १९७१.

ऑक्सफर्डची वस्ती २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ६२ हजार. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढी. एवढ्याशा गावातून सिनेमा-टीव्हीतली इतकी ठळक नावं निघाली म्हटल्यावर कुणीही चटकन म्हणेल, त्यात काय, विद्यापीठ आहे ना तिथे!

गंमत अशी की या चौघांपैकी एकही जण ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकलेला नाही. लॉरी आणि मार्गोलिस शिकले केंब्रिजला. प्यू शाळेतूनच सिनेमात गेली, पुढे कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. ग्रीनवुडने गावातल्याच पॉलिटेक्निकमध्ये नाव घातलं होतं, पण बँडला रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला आणि काही आठवड्यांतच कॉलेज सुटलं.

मग विद्यापीठाच्या गावात जन्मण्याचा आणि पडद्यावर येण्याचा संबंध आहे तरी काय? संबंध आहे, पण तो वर्गातून जात नाही. गावातून जातो.

आधी जन्मदाखला काय सांगतो ते बघू

जन्माची नोंद बाळंतपण जिथे झालं तिथे होते. इंग्लंडात तसंच आणि आपल्याकडेही तसंच. आपल्याकडे तर पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. त्यामुळे सगळं आयुष्य नाशकात काढलेल्या माणसाच्या दाखल्यावर अमळनेर असू शकतं. ते त्याचं गाव नसतं, आजोळ असतं. राधिका आपटे आपण पुण्याची म्हणून ओळखतो, ती वाढली पुण्यात, फर्ग्युसनला शिकली. पण जन्म तमिळनाडूतल्या वेल्लोरचा. वेल्लोरच्या मोठ्या मेडिकल कॉलेजाची ख्याती आपल्याकडेही आहे आणि आई-वडील दोघेही डॉक्टर. म्हणजे 'वेल्लोरमध्ये जन्मलेले कलावंत' अशी यादी केली तर राधिका त्यात येणार आणि पुण्याच्या यादीतून गळणार.

ऑक्सफर्डच्या बाबतीत हा घोळ आणखी मोठा आहे. गावाच्या हेडिंग्टन भागात जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटल आहे. त्याचा प्रसूतिविभाग १९७२ साली सुरू झाला. मोठं, विद्यापीठाशी जोडलेलं शिकवणारं हॉस्पिटल म्हटल्यावर आसपासच्या खेड्यापाड्यांतून, छोट्या गावांतून बाळंतपणं तिथेच येतात; अवघड केस असेल तर नक्कीच. ऑक्सफर्डशर या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या सव्वासात लाखांच्या घरात आहे. आता हिशेब करा. दर लाख वस्तीमागे किती कलावंत, हे काढताना आपण भागतो १ लाख ६२ हजारांनी, पण जन्म मात्र मोजतो जिल्ह्याच्या मोठ्या भागातले. उत्तर फुगणारच. जगातलं कुठलंही विद्यापीठाचं गाव घ्या, तिथे बहुधा मेडिकल कॉलेज असतं, मोठं हॉस्पिटल असतं, आणि त्या गावाच्या नावावर शेजारच्यांची मुलं जमा होतात.

दुसरं कारण युद्धाचं. मार्गोलिस कुटुंब लंडनचं. जर्मन बॉम्बफेकीत घर गेलं आणि मंडळी ऑक्सफर्डला आली. मे १९४१ मध्ये मिरियम झाली. स्टीफन हॉकिंग यांचीही हीच गोष्ट. आई-वडील राहायला लंडनच्या हायगेट भागात, पण बाळंतपणासाठी सुरक्षित जागा म्हणून ऑक्सफर्ड. जन्म ८ जानेवारी १९४२. लंडन, कॉव्हेंट्री होरपळत असताना ऑक्सफर्ड जवळजवळ शाबूत राहिलं होतं. तेव्हा १९४० ते ४५ च्या दरम्यान ऑक्सफर्डला जन्मलेल्या कुणाचंही नाव दिसलं, की आधी घरचं मूळ गाव विचारावं.

म्हणून जन्मस्थळाची ओळ वाचून फार काही ठरवू नये, असं माझं मत. पण ती ओळ बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. अभिनेत्री मॅगी स्मिथ जन्मल्या इलफर्डला, ऑक्सफर्डला आल्या चार वर्षांच्या असताना. विनोदी नट रॉनी बार्कर जन्मले बेडफर्डला, वाढले ऑक्सफर्डच्या काउली भागात. एमा वॉटसनचा जन्म पॅरिसचा, पाचव्या वर्षापासून ऑक्सफर्ड. नट टॉम हॉलंडर ब्रिस्टलला जन्मला, ऑक्सफर्डात वाढला. दिग्दर्शक सॅम मेंडिस जन्माने रेडिंगचा, शाळा ऑक्सफर्डची. म्हणजे जन्माचा हिशेब चुकला तरी वाढण्याचा हिशेब काहीतरी सांगतोच आहे. आणि तो जास्त कामाचा आहे.

प्राध्यापकांना लग्नाची परवानगी

ऑक्सफर्डला आपल्याकडच्यासारखा एकच कॅम्पस नाही. तिसाहून जास्त कॉलेजं गावभर पसरलेली. मध्येच दुकानं, मध्येच चर्च, मध्येच कॉलेजचा दरवाजा. तिथे शिकवण्याची परंपरा बाराव्या शतकाच्याही आधीपासूनची. पण गाव आणि विद्यापीठ यांचं कधी फारसं पटलं नाही. १० फेब्रुवारी १३५५ रोजी एका दारूच्या गुत्त्यात वाईन खराब आहे म्हणून विद्यार्थ्यांनी मालकाशी भांडण काढलं. त्याची दंगल झाली आणि दोनतीन दिवसांत साठाहून जास्त विद्यार्थी आणि तीसेक गावकरी मेले. राजाने कौल दिला विद्यापीठाच्या बाजूने. गावच्या महापौराने दरवर्षी प्रायश्चित्त घ्यायचं, दंड भरायचा. हे थेट १८२५ पर्यंत चाललं. रीतसर दिलजमाई व्हायला १९५५ उजाडलं. गावकरी आणि विद्यापीठवाले यांच्यासाठी तिथे 'टाउन' आणि 'गाउन' अशी जोडगोळीच रूढ आहे.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ऑक्सफर्डच्या कॉलेजांतल्या साध्या अध्यापकाला, तिथे फेलो म्हणतात त्याला, लग्न करायला बंदी होती. लग्न केलं की जागा सोडायची. मठाची जुनी शिस्त होती ती. १८७७ च्या विद्यापीठ कायद्यानंतर नियमावल्या बदलल्या आणि ही अट सैल होत गेली. अध्यापकांची लग्नं झाली. कॉलेजच्या खोल्यांत संसार मांडता येत नाही, म्हणून गावाच्या उत्तरेला लाल-पिवळ्या विटांची मोठमोठी घरं उठली. घरांत मुलं झाली. मुलांना शाळा हव्या झाल्या.

मुलींचं ऑक्सफर्ड हायस्कूल १८७५ मध्ये निघालं. १८७७ मध्ये काही अध्यापकांनी एकत्र येऊन आपल्या मुलांसाठी एक शाळा काढली, तीच पुढे ड्रॅगन स्कूल म्हणून नावाजली. वर्ष बघा. लग्नाला मोकळीक देणारा कायदा आणि ही शाळा एकाच सालच्या.

ड्रॅगनमधून निघालेली नावं: ह्यू लॉरी, टॉम हिडलस्टन, टॉम हॉलंडर, एमा वॉटसन. ऑक्सफर्ड हायस्कूलमधून: मॅगी स्मिथ आणि मिरियम मार्गोलिस. यात अध्यापकाचं पोर जवळजवळ नाही. लॉरीचे वडील गावात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, मार्गोलिस यांचेही डॉक्टर. मॅगी स्मिथ यांचे वडील पॅथॉलॉजिस्ट, विद्यापीठात नोकरीला. म्हणजे व्यवस्था उभी राहिली प्रोफेसरांच्या मुलांसाठी, आणि तिचा लाभ झाला शेजारपाजारच्या डॉक्टर-वकिलांच्या मुलांना. मला वाटतं, विद्यापीठाच्या गावाचं सारं रहस्य बहुतेक इथेच आहे. अशा शाळांत नाटक हा गॅदरिंगपुरता उरकायचा कार्यक्रम नसतो. शेक्सपिअर बसवायचा म्हणजे तो पाठ करायचा, उभा करायचा, आणि समोरच्या खुर्च्यांत बसलेले पालक तो वाचून आलेले. सेंट एडवर्ड्स या ऑक्सफर्डमधल्याच दुसऱ्या शाळेत पुढे मोठा नट झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिए याने पोरवयात 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला पक केला होता. साधारण नव्वद वर्षांनी फ्लॉरेन्स प्यू त्याच शाळेत होती आणि तिथे असतानाच तिला पहिला सिनेमा, 'द फॉलिंग', मिळाला.

प्यूचं घर मात्र 'गाउन'वाल्यांचं नव्हे, अस्सल 'टाउन'चं. वडील क्लिंटन प्यू यांची काउली रोडवर रेस्टॉरंट्स होती. काउली रोड म्हणजे विद्यार्थी, कामगार, दक्षिण आशियाई आणि कॅरिबियन मंडळी यांची सरमिसळ असलेला रस्ता. हाच रस्ता पुढे काउलीला जातो. तिथे विल्यम मॉरिसने १९१३ मध्ये मोटारींचा कारखाना सुरू केला आणि आजही तिथे 'मिनी' गाड्या तयार होतात. ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घुमट आणि काळे झगे येतात, कारखान्याचा भोंगा कुणाला आठवत नाही.

आता पैशाचं बोलायलाच हवं. ड्रॅगन, सेंट एडवर्ड्स, ऑक्सफर्ड हायस्कूल या फी भरून शिकायच्या शाळा. निवासी विद्यार्थ्याची वर्षाची फी रुपयांत मोजली तर कित्येक लाखांत जाते. तेव्हा 'विद्यापीठाच्या गावातली कलावंत मुलं' या वाक्यात 'ज्यांच्या घरी फी भरायची ऐपत होती ती' हे शब्द न लिहिता वाचायचे असतात. रॉनी बार्करसारखा माणूस, शेल कंपनीतल्या कारकुनाचा मुलगा, सरकारी हायस्कूल आणि मग बँकेतली नोकरी, या यादीत अपवाद म्हणून उठून दिसतो. तो कसा आला? त्याला दार उघडलं थिएटरने.

ब्यूमाँट स्ट्रीटवरचं नाटकघर

ऑक्सफर्ड प्लेहाउसची आजची इमारत ब्यूमाँट स्ट्रीटवर १९३८ मध्ये उघडली. त्या काळच्या इंग्लिश गावांत 'रेपर्टरी' नावाची पद्धत होती. ती समजून घेतली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. एक नटसंच गावात मुक्काम ठोकून राहतो. एक-दोन आठवडे एक नाटक, की लगेच दुसरं. रात्री आजच्या नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, मधल्या वेळात पाठांतर. आज म्हातारा सरदार, पुढच्या आठवड्यात पोरसवदा नोकर. वर्षाला वीसतीस भूमिका. नटाला घडवायला यापेक्षा कडक शाळा नसेल.

पण ही पद्धत टिकायला एक गोष्ट लागते: दर आठवड्याला तिकीट काढून येणारा तोच तोच प्रेक्षक. दीड लाखाच्या साध्या गावात तो कुठून येणार? विद्यापीठाच्या गावात येतो. विद्यार्थी, शिक्षक, त्यांच्या बायका, लायब्ररीतले लोक, निवृत्त मंडळी. आज बर्नार्ड शॉ बघितला, पुढच्या आठवड्यात इब्सेन लागला तरी बिचकत नाहीत.

बार्कर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या प्लेहाउसच्या संचात होता. तिथेच त्याला तरुण दिग्दर्शक पीटर हॉल यांनी हेरलं आणि १९५५ मध्ये लंडनच्या आर्ट्स थिएटरात नेलं. पुढे 'द टू रॉनीज' आणि 'पॉरिज'मुळे बार्कर ब्रिटिश टीव्हीवर घराघरांत पोहोचला. मधला दुवा विद्यापीठाची पदवी नव्हे, गावातलं नाटकघर.

मॅगी स्मिथ यांनीही सोळाव्या वर्षी शाळा सोडून प्लेहाउसच्याच नाट्यशाळेत प्रवेश घेतला. आता गंमत बघा. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक नाट्यसंस्था होती, आहे: ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी ड्रॅमॅटिक सोसायटी, स्थापना १८८५. सुरुवातीला सभासद फक्त पुरुष, त्यामुळे स्त्रीभूमिकांसाठी बाहेरून नट्या बोलवायची प्रथा पडली. १९३२ मध्ये जॉन गिलगुड याने या पोरांचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवलं तेव्हा ज्युलिएट होती पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट आणि दाई होती एडिथ इव्हान्स. दोघी व्यावसायिक नट्या. १९५२ मध्ये याच संस्थेच्या 'ट्वेल्थ नाइट'मध्ये व्हायोला केली मॅगी स्मिथ यांनी. वय सतरा, विद्यापीठात नाव नाही, गावातली मुलगी. सोसायटीने बायकांना बाहेर ठेवलं होतं, त्या फटीतून गावातली मुलगी आत आली. अन्यायाच्या नियमाचा असा उलटा फायदा क्वचितच कुणाला होतो.

शिकायला मात्र केंब्रिज

पुन्हा लॉरी आणि मार्गोलिस यांच्याकडे. ऑक्सफर्डची मुलं केंब्रिजला का गेली? लॉरीचं उत्तर सोपं आहे. वडील रॅन लॉरी केंब्रिजच्या सेल्विन कॉलेजचे, पट्टीचे नावाडी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघांच्या वल्हवण्यात सुवर्णपदक मिळवलेले. मुलगा त्याच कॉलेजात गेला, वडिलांप्रमाणे वल्ही मारायला. १९८० च्या बोट रेसमध्ये, म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजमधल्या दरवर्षीच्या नौकाशर्यतीत, तो केंब्रिजच्या नावेत होता आणि ऑक्सफर्डकडून, म्हणजे स्वतःच्या जन्मगावाकडून, थोडक्यात हरला. मधे आजारपणामुळे वल्हवणं सुटलं तेव्हा वेळ घालवायला फूटलाइट्समध्ये शिरला होता. तेच पुढे आयुष्य झालं.

फूटलाइट्स म्हणजे केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा विनोदी नाटुकल्यांचा क्लब, १८८३ पासूनचा. त्याचं यंत्र कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. वर्षभर लहान लहान प्रयोग, त्यातून चाळून निघालेल्या पाचसहा जणांचा उन्हाळ्यात मोठा कार्यक्रम, मग गावोगाव दौरा, आणि ऑगस्टमध्ये एडिंबरा महोत्सव. एडिंबऱ्याला बीबीसीचे निर्माते, एजंट, समीक्षक तिकीट काढून बसलेले. १९६३ चा कार्यक्रम लंडनच्या वेस्ट एंडला लागला आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेला पोहोचला. त्यात पुढे विनोदी नट म्हणून गाजलेला जॉन क्लीज होता. त्याच कंपूतला डेव्हिड हॅच पुढे बीबीसी रेडिओचा मोठा अधिकारी झाला. काल ज्याच्याबरोबर स्टेजवर होतो तो आज काम देणारा. १९८१ चा कार्यक्रम ह्यू लॉरी, स्टीफन फ्राय, एमा थॉम्पसन यांचा, आणि एडिंबऱ्याचं विनोदी कार्यक्रमासाठीचं पहिलं पेरिए पारितोषिक त्यालाच.

मार्गोलिस यांना याच क्लबाचा वाईट अनुभव आला. १९६२ च्या कार्यक्रमात त्या एकट्याच बाई. स्टेजवर टाळ्या मिळायच्या, पण स्टेजवरून उतरलं की सहकलाकार मुलं आपल्याशी बोलायचीसुद्धा नाहीत, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. फूटलाइट्सने बायकांना रीतसर सभासद करून घेतलं १९६४ मध्ये. तोवर मार्गोलिस बाहेर पडल्या होत्या. पुढे 'द एज ऑफ इनोसन्स'साठी त्यांना बाफ्टा मिळाला.

ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्वतः सिनेमावाले घडवलेच नाहीत असं मात्र नाही. दिग्दर्शक केन लोच कायदा शिकत होता, विनोदी नट मायकेल पेलिन इतिहास, 'मिस्टर बीन'वाला रोवन अ‍ॅटकिन्सन विद्युत अभियांत्रिकी. सिनेमा कुणीच शिकत नव्हतं, कारण तसा विषयच नव्हता. जे झालं ते वर्गाबाहेर. १९८२ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः उभं राहून 'प्रिव्हिलेज्ड' नावाचा सिनेमा काढला. ह्यू ग्रँटचा तो पहिला चित्रपट, आणि संगीत होतं रेचल पोर्टमन या विद्यार्थिनीचं. पुढे १९९६ च्या 'एमा'साठी संगीताचं ऑस्कर तिने मिळवलं. पण ही सगळी मंडळी बाहेरगावाहून आलेली. ऑक्सफर्डच्या जन्मयादीत यातलं कुणी नाही. गावात जन्मलेले एक, गावात शिकायला आलेले दुसरे. दोन्ही नावं एकाच फलकावर लिहून विद्यापीठाला श्रेय देणं ही नुसती ढिलाई झाली.

शिवाय अशा यादीत येतात कोण? नट, दिग्दर्शक, फार तर संगीतकार. 'इन्स्पेक्टर मोर्स' ही पोलिसी मालिका आणि तिच्यातून निघालेल्या दोन मालिका १९८७ ते २०२३ या काळात टीव्हीवर आल्या, आणि त्यांचं चित्रीकरण ऑक्सफर्डच्या रस्त्यांवर होत राहिलं. हॅरी पॉटरच्या पहिल्या सिनेमासाठी क्राइस्ट चर्चचा जिना आणि बॉडलियन ग्रंथालयाचं डिव्हिनिटी स्कूल वापरलं. एमा वॉटसनचा शोध घेणारी माणसंही तिच्या ऑक्सफर्डमधल्या नाट्यशिक्षकामार्फतच तिच्यापर्यंत पोहोचली होती. एवढं काम गावात होतं तेव्हा लाइटवाले, जागा शोधून देणारे, कपडेपटातले, गाड्या चालवणारे असे किती हात लागत असतील. जन्मस्थळांच्या याद्या त्यांना विचारत नाहीत.

आणि आपलं पुणं

पुण्याला पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हणायची आपल्याला हौस आहे. ती उपमा मला एरवी पटत नाही, पण सिनेमाच्या बाबतीत जरा तपासून बघू. प्रभात कंपनी कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्याला आली. त्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट निघालं. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक. दरवर्षी कॉलेजची पोरं महिनाभर तालमी करणार, भरत नाट्य मंदिरात आरडाओरडा करणार, आणि निकालावरून वर्षभर भांडणार. इथेही वर्गात कुणी नट होत नाही. बी. जे. मेडिकलसारख्या कॉलेजातून डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे बाहेर पडले, ते औषधं लिहायची विद्या घेऊन. तिघांचे जन्म बघा: सातारा, पंढरपूर, भोर. पुण्याच्या जन्मयादीत एकही नाही. उलट स्मिता पाटील आणि रोहिणी हट्टंगडी पुण्यात जन्मलेल्या, पण एकीचं करिअर सुरू झालं मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांपासून आणि दुसरीचं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून.

रोहिणीताई १९८२ च्या 'गांधी'त कस्तुरबा झाल्या. दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो हा जन्माने केंब्रिजचा, आणि तोही खऱ्याखुऱ्या अध्यापकाचा मुलगा. वडील इमॅन्युएल कॉलेजचे फेलो होते, पुढे लेस्टरच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. मुलाने विद्यापीठाची पायरी न चढता नाट्यशाळा धरली. डॉ. लागू याच सिनेमात गोखले.

त्याच वर्षी 'उंबरठा' आला. दिग्दर्शक जब्बार पटेल, नायिका स्मिता पाटील, आणि तिच्या नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कर्नाड. कर्नाड ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले, १९६३ मध्ये तिथल्या ऑक्सफर्ड युनियन या वादविवाद मंडळाचे अध्यक्ष होते, आणि १९७४-७५ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक. दोन्ही 'ऑक्सफर्डां'शी इतकं घट्ट नातं असलेला दुसरा सिनेमावाला शोधून सापडायचा नाही. जन्माच्या हिशेबाने मात्र त्यांची नोंद होते रायगड जिल्ह्यात, माथेरानला.